जर्मनी: खालच्या आजोबांची चिठ्ठी, केरवोखं आणि घरचा गणपती

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या हिवाळ्यात मिरजेहून एसलिंगेनला आलो. श्टुटगार्टला लागूनच, नेकर नदीच्या काठावरचं गाव. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. मी सध्या घरी असते, जर्मनचे वर्ग चालू आहेत. मुलगा चार वर्षांचा. सहा बिऱ्हाडांची जुनी इमारत, लाकडी जिना, आम्ही दुसऱ्या मजल्यावर.

पत्त्याची नोंदणी, विमा, बँक, किंडरगार्टन ही मोठी कामं वेळेत झाली. तिथे सगळं लिहिलेलं असतं, कागद नेले की काम होतं. मला जड जातंय ते रोजचं. रविवारी सकाळी इडलीबरोबर चटणी करावी म्हणून मिक्सर लावला, एक मिनिटही नसेल. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीत चिठ्ठी. खालच्या मजल्यावरच्या आजोबांची. अक्षर मोत्यासारखं, क्रमांक घालून तीन मुद्दे, आणि खाली सही. एक, रविवारी यंत्रांचे आवाज नकोत. दोन, दुपारी एक ते तीन मूल पळतं ते थांबवावं, इमारतीच्या नियमावलीत ही शांततेची वेळ आहे. तीन, आमच्या आठवड्यात जिना पुसला, पण तळघराकडे उतरणाऱ्या पायऱ्या राहिल्या आणि पाटी पुढच्या दाराला गेली नाही.

पाटी म्हणजे केरवोखंची, म्हणजे जिना आणि सामाईक जागा साफ करायच्या आठवड्याच्या पाळीची. ज्याची पाळी त्याच्या दाराला ती अडकवतात. मी माझ्या मजल्याचा जिना दोनदा पुसला होता, घरून आणलेलं जुनं सुती धोतराचं फडकं वापरून, अगदी कठड्याच्या खाचांपर्यंत. म्हणून जास्त लागलं.

नवरा म्हणतो दुसरं घर बघू. इथे दुसरं घर मिळणं किती अवघड आहे ते तुम्हाला माहीत आहे. आणि दुसऱ्या घरातही खाली कोणीतरी असणारच. मला खरी काळजी मुलाची आहे. दिवसभर "हळू", "पळू नको", "टाचा आपटू नको" ऐकून तो आता घरात पंजांवर चालतो. परवा किंडरगार्टनमध्येही तसाच चालताना दिसला. ते बघून पोटात कालवलं.

सप्टेंबरात सासूबाई येणार आहेत. त्यांना गणपती बसवायचा आहे, आरती, झांजा, सगळं. मला विचारायचंय ते हे: इथे वर्षानुवर्षं राहिलेल्या लोकांनी कशात बदल केला आणि कशात नाही? शेजाऱ्यांशी नेमकं कसं बोलता?

इझारतीर

म्युनिकहून लिहितोय. आमच्याकडे केरवोखं नाही. जिना सफाई कंपनी पुसते आणि खर्च भाड्याच्या जोडखर्चात लावते. ते श्वाबेनचं, म्हणजे तुमच्या श्टुटगार्टकडच्या भागाचं खास आहे, त्यावर तिकडचे लोक सांगतील.

आवाजाचं सांगतो. रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ सगळीकडे पाळतात. रविवार आणि सुट्ट्यांना पूर्ण दिवस. दुपारची वेळ मात्र तुमच्या इमारतीच्या नियमावलीवर आहे. भाडेकराराला जोडलेली असते, काढून वाचा. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायलाही रविवारी बंदी असते, डब्यावर वेळा छापलेल्या असतात.

मिक्सरखाली टॉवेलची चौपदरी घडी ठेवा आणि भांडं भिंतीला टेकू देऊ नका. लाकडी इमारतीत आवाज हवेतून कमी, ओट्यातून आणि भिंतीतून जास्त जातो. रविवारची चटणी शनिवारी संध्याकाळी वाटा, फोडणी सकाळी द्या. मुलाच्या खोलीत गालिचा आणि त्याखाली जाड नमद्याचा थर. गालिच्यापेक्षा तो थर जास्त काम करतो. कुकरच्या शिट्टीबद्दल आमच्याकडे कधी कोणी काही बोललं नाही.

द्राक्षमळा

कृष्णाकाठची, तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल. मी मूळची नाशिकची, लग्न होऊन श्टुटगार्टला आले त्याला आता खूप वर्षं झाली. तिथल्याच बाड कानश्टाट भागात राहते, खिडकीतून द्राक्षमळे दिसतात म्हणून हे नाव.

आधी केरवोखं नीट समजून घे, कारण तुझ्या इमारतीत सगळ्या गोष्टी त्याच्याभोवती फिरणार आहेत. ही फार जुनी पद्धत आहे. श्टुटगार्टच्या 1492 च्या नगरनियमांतच प्रत्येकाने आपल्या दारातली घाण आठवड्याला काढावी असं होतं. पुढे 1714 मध्ये गल्ल्या साफ ठेवण्याचा वेगळा हुकूम निघाला. श्टुटगार्ट शहराचा आठवड्याला झाडण्याचा सक्तीचा नियम 1988 मध्ये, मानफ्रेड रोमेल महापौर असताना, रद्द झाला. पण घरमालकांनी तो करारांत ठेवला आणि लोकांनी मनात ठेवला.

त्याचे दोन भाग. छोटं केरवोखं म्हणजे आपल्या मजल्यासमोरची जागा आणि खाली उतरणारा जिना. मोठं केरवोखं म्हणजे मुख्य दार, तळघराच्या पायऱ्या, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि समोरचा पदपथ. पदपथावर बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातपर्यंत वाट मोकळी करून खडी किंवा वाळू टाकायची. कोणी घसरून पडलं तर जबाबदारी ज्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते. म्हणून दोन्हींच्या पाट्या आणि वेळापत्रकं बहुधा वेगळी असतात. तुझ्या इमारतीत सहाच बिऱ्हाडं आहेत, म्हणजे दोन्ही भाग एकाच पाटीत असणार. आजोबांच्या तिसऱ्या मुद्द्याचा अर्थ एवढाच. तू नीट पुसलं नाहीस असं त्यांनी म्हटलेलं नाही, ते पुन्हा वाच. शनिवारी दुपारपर्यंत काम उरकायचं आणि रविवारी संध्याकाळी पाटी पुढच्या दाराला अडकवायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. तुमच्याकडचा दिवस विचारून घे.

आता चिठ्ठी. आपल्याकडे शेजाऱ्याने लेखी तक्रार करणं म्हणजे बोलणंचालणं संपल्याची खूण. आधी कुजबुज होते, मग मध्यस्थ, मग टोमणे, आणि सगळं हाताबाहेर गेलं की कागद. इथे कागद पहिल्यांदा येतो. आणि तो नेमक्या गोष्टीपुरता असतो. मिक्सर म्हणजे मिक्सर. त्यात तू, तुझं घर, तुझा देश काही नसतं. मी इतक्या वर्षांत रागाच्या चिठ्ठ्याही पाहिल्यात, त्यांना क्रमांक नसतात आणि खाली सहीही नसते. तुझ्या आजोबांनी सही केलीय, म्हणजे उत्तराची वाट बघतायत.

उत्तर कागदाने देऊ नकोस. दार वाजव. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला, जेवणाच्या वेळेला नको. इथे ब्रेड-चीजचं थंड जेवण लोक लवकर घेतात. मुलाला बरोबर ने, त्याचं नाव सांग. तीन मुद्द्यांची तीन उत्तरं दे: रविवारी मिक्सर लावणार नाही, तळघराच्या पायऱ्या आता माहीत झाल्या, आणि मुलाबद्दल काय करतोय ते. माफी एकदाच, थोडक्यात. मग थांब. पुढचं ते बोलतील.

आणि एक गोष्ट जी इथे येणाऱ्या आपल्या कुठल्याच मुलीला कोणी सांगत नाही. आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की शेजारीण चहा घेऊन येते, "पाणी किती वाजता येतं ते सांगते" म्हणते. इथे उलट आहे. नव्याने येणाऱ्याने दारोदार जाऊन आपली ओळख करून द्यायची. तोपर्यंत शेजारी वाट बघतात, कारण तुमच्या दारात आपणहून येणं त्यांना आगाऊपणा वाटतो. तू वाट बघत राहिलीस आणि तेही वाट बघत राहिले. म्हणून बाकीची पाचही दारं वाजव. उशीर झालाय असं काही नाही.

पार्सलांचं बघ. तू दिवसा घरी असतेस. पार्सलवाला शेजाऱ्याचं पार्सल तुझ्याकडे ठेवायला आला तर नेहमी घे. संध्याकाळी माणूस ते न्यायला येतो, दारात दोन वाक्यं होतात. माझ्या जर्मनचा निम्मा सराव पार्सलांवर झाला. समोरच्या बाई पहिलं वर्षभर फक्त "नमस्कार" म्हणायच्या. नंतर माझ्या बाळंतपणात रोज सूप पाठवणाऱ्या त्याच.

बाकी लहानसहान: कोणाच्या घरी गेलीस आणि केक घेणार का विचारलं तर पहिल्यांदाच "हो" म्हण. आपल्यासारखं दोनदा "नको" म्हणून तिसऱ्यांदा घेतलं असं होत नाही. "नको" म्हटलं की ताटली परत जाते आणि यजमानाला वाटतं, आपण पाहुण्याचं ऐकलं. आणि कोणालाही वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नकोस, ते इथे अशुभ मानतात.

रोखठोक

फ्रँकफर्टहून. द्राक्षमळा यांचं बहुतेक पटतं, पण एका ठिकाणी मला ठामपणे वेगळं सांगायचंय. मुलगा पंजांवर चालतोय हे वाचून मी कालपासून अस्वस्थ आहे.

ताई, मुलाच्या पळण्याची तुलना मिक्सरशी होऊ देऊ नका. यंत्राचा आवाज तुम्ही टाळू शकता, चार वर्षांच्या मुलाला पाय आहेत. इथला कायदाही हा फरक करतो. 2011 मध्ये प्रदूषण नियंत्रणाच्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली. पाळणाघरं आणि खेळाची मैदानं यांच्याकडून येणारा मुलांचा आवाज साधारणपणे हानिकारक धरायचा नाही, असं त्यात आलं. घरातल्या आवाजाला ते कलम थेट लागत नाही. पण न्यायालयं लहान मुलांचं रडणं, खेळणं, पळणं हे शेजाऱ्यांनी बऱ्याच प्रमाणात सहन करण्याजोगं मानतात. म्हणजे रात्री दहाला सोफ्यावरून उड्या चालतील असं नव्हे. दुपारी एक ते तीन तुम्ही त्याला पुस्तक, चिकणमाती, झोप यांत गुंतवायचा प्रयत्न करा. नाही जमलं तर नाही जमलं.

मी काय केलं ते सांगतो. आमच्याही खाली एक काका आहेत. मी त्यांना म्हटलं, "आम्ही गालिचा घातलाय, सातनंतर चेंडू बंद असतो. पण माझी मुलगी घरात चालणार, पळणार, हसणार. फार झालं तर घंटी वाजवा, चिठ्ठीपर्यंत थांबू नका." ते म्हणाले ठीक आहे. स्पष्ट बोलणाऱ्याचा इथे राग येत नाही, उलट माणूस काय करणार आणि काय नाही हे कळलं म्हणून लोक निश्चिंत होतात. आपण "हो हो, बघतो" म्हणून वेळ मारून नेतो. समोरचा ते "हो" वचन म्हणून धरतो आणि पुढच्या आठवड्यात खऱ्या अर्थाने चिडतो.

मुलाला रोज बाहेर न्या, पाऊस असला तरी. चिखलाची विजार आणि गमबूट घेतलेच असतील, किंडरगार्टनच्या यादीत असतात. इथली मुलं बाहेर दमतात म्हणून घरात शांत असतात. आणि घरात त्याला टाचा टेकून चालू द्या.

द्राक्षमळा

रोखठोक, मुलाबद्दल शंभर टक्के मान्य. मी तो मुद्दा पुरेसा लिहिला नाही, तुम्ही लिहिलात ते बरं झालं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी गेले. नवराही आला, मुलगाही. दार आजींनी उघडलं. घरात आजी आहेत हेच मला माहीत नव्हतं. त्यांना दुपारी डोकेदुखीची गोळी घेऊन पडावं लागतं, म्हणून एक ते तीन. आजोबांनी चिठ्ठीत हे लिहिलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तो आमचा प्रश्न, नियम सगळ्यांना सारखा.

रोखठोक यांचं वाक्य मी पाठ करून गेले होते. मुलगा पळणार, आम्ही गालिचा घालतोय, फार झालं तर घंटी वाजवा. आजोबांनी मान हलवली आणि मला तळघरात घेऊन गेले. कुठल्या पायरीपासून कुठल्या दारापर्यंत आमचं, ते दाखवलं. तिथे एक खराटा आहे, बर्फाचं फावडं आहे, खडीची पेटी आहे. पाटी रविवारी संध्याकाळी सहानंतर. आजींनी मुलाला एक लाकडी भोवरा दिला आणि तो कसा फिरवायचा ते जमिनीवर बसून दाखवलं. त्यांच्याकडेही घरात शिरताना चपला काढतात, हे बघून मला फार बरं वाटलं.

आता गणपतीचं सांगा. सासूबाईंचा रोज फोन असतो. मूर्ती त्या शाडूची छोटी आणणार आहेत, हातातल्या बॅगेतून. दीड दिवसाचा गणपती. आरती किती वाजता करावी? झांजा वाजवाव्यात की नाही? विसर्जन नेकरमध्ये चालतं का? आणि आजी-आजोबांना बोलवावं असं मनात आहे, ते बरं दिसेल का?

इझारतीर

नदीत नको. नदीत काही सोडायला परवानगी लागते, आणि त्या पाण्यावर मालवाहू बोटी चालतात. आम्ही दरवर्षी घरी बादलीत करतो. शाडूची मूर्ती रात्रभरात विरघळते. ते पाणी आणि माती कुंड्यांना घालतो. निर्माल्य जैविक कचऱ्याच्या डब्यात टाकताना दोरा, जरी, प्लास्टिकची फुलं आधी काढा.

आणखी एक: धूप आणि कापूर. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या तुमच्या राज्यात झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या वाटेवरच्या पॅसेजमध्ये धुराचे अलार्म सक्तीचे आहेत. ते बंद करू नका. मखर त्यांच्यापासून लांब मांडा आणि आरतीला खिडकी उघडी ठेवा.

सासूबाई येतायत म्हणून सांगतो, थंडी लागते म्हणून त्या खिडक्या बंद ठेवतील. भात, वरण, मोदकांची वाफ, अंघोळीची वाफ, सगळी वाफ भिंतींत मुरते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. मग घरमालकाशी वाद. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, तेवढा वेळ हीटर बंद. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत गार पडते आणि बुरशी उलट वाढते.

द्राक्षमळा

वाचून आनंद झाला गं. भोवरा दिला म्हणजे आजींनी तुझ्या मुलाला नातवंडांत धरलं.

आरती संध्याकाळी साडेसहा-सातला कर, रात्री नको. झांजा वाजव. खरंच वाजव. मी सुरुवातीची कितीतरी वर्षं गणपतीत टाळ्याही हळू वाजवल्या, दारं-खिडक्या लावून, आणि माझी मुलगी आरती म्हणजे कुजबुजायची गोष्ट समजत मोठी झाली. तिने ते मला मोठेपणी सांगितलं तेव्हा फार वाईट वाटलं. तुझ्या मुलाला आरती मोठ्याने म्हणता आली पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांच्या झांजांनी संध्याकाळी सातला कोणाचं काही बिघडत नाही, फक्त त्यांना आधी माहीत हवं.

त्यासाठी जिन्यात, मुख्य दाराच्या आत, आठवडाभर आधी चिठ्ठी लाव. इथले लोक वाढदिवसाची पार्टी असली की तेच करतात. कोण, कुठला मजला, कुठला दिवस, किती ते किती, कशासाठी, आणि त्रास झाला तर घंटी वाजवा. म्हणजे तुझी चिठ्ठी आजोबांच्या आधी लागली. चिठ्ठी लावली म्हणून रात्री दहानंतर आवाज चालतो असं मात्र नाही. आणि सासूबाईंना आजींच्या दुपारबद्दल सांगून ठेव. खलबत्ता एक ते तीनमध्ये नको. त्या समजून घेतील, दुखणाईत माणूस म्हटलं की आपल्या बायका लगेच समजून घेतात.

आजी-आजोबांना जरूर बोलव. तोंडी आणि नेमकी वेळ सांगून. "या कधीतरी" म्हटलंस तर कधीच येणार नाहीत. "शनिवारी साडेतीन वाजता कॉफीला" म्हटलंस तर तीन वाजून तीस मिनिटांनी दारात उभे असतील, तेव्हा तीन वीसला तुझे मोदक वाफवून झालेले हवेत. नारळ, गूळ, वेलदोडा, तांदळाचं पीठ, तूप, काय काय आहे ते आधीच सांग, इथे लोकांना ते जाणून घ्यायला आवडतं. ताटलीत एकच मोदक वाढ. आणखी हवा का हे एकदा विचार, आणि "नको" म्हणाले तर आग्रह करू नकोस. सासूबाईंना हे सगळ्यात कठीण जाणार आहे, त्यांना वेळीच तयार कर. पण निघताना चार मोदक डब्यात घालून हातात दे. ते कोणी परत करत नाही, आणि डबा द्यायला आजी नक्की वर येतील.

रोखठोक

पुढे दिवाळीचाही प्रश्न पडेल म्हणून आताच सांगतो. फटाके इथे फक्त 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला उडवता येतात, विक्रीही त्याच सुमाराला. फुलबाज्या मात्र वर्षभर चालतात, अंगणात लावा. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला सहा वाजू द्या, आजींच्या डोक्यावरच तुमचं स्नानघर असणार.

कृष्णाकाठची

सासूबाईंना आत्ताच फोन केला. एका मोदकावर त्या अडून बसल्या, "दोन तरी" म्हणाल्या. शेवटी दोन छोटे वाढायचं ठरलं. दुपारच्या वेळेचं ऐकून लगेच म्हणाल्या, त्या बाईंना डोक्याला लावायला माझ्याकडचं तेल आणते.

गालिचा आणि खालचा थर आज आला. मुलगा त्यावरून पळाला, टाचा टेकवून, आणि मी काही बोलले नाही. जिन्यातली चिठ्ठी जर्मनमध्ये लिहायला घेतलीय. द्राक्षमळाताई, उद्या इथे मसुदा टाकला तर व्याकरण बघाल का?

द्राक्षमळा

टाक ना. तारीख आणि वेळ सगळ्यात वर लिही, ठळक. गणपती म्हणजे काय ते दोन ओळींत, जास्त नको, ज्याला जाणून घ्यायचंय तो विचारेल. खाली तिघांची नावं लिही, मुलाचंही. सासूबाई त्या दिवशी असणार, म्हणजे चौघांची.